इलेक्ट्रॉनिक कागद : दुकानात आणावा, पण खातेवही सांभाळून

कपड्याच्या धंद्यात मालाइतकाच कागद लागतो. ठाणाला चिठ्ठी, गाठीवर मार्का, ट्रान्सपोर्टची बिल्टी, तीन प्रतींचे बिल, रोजमेळ, खातेवही, आणि वर्षअखेरीस या सगळ्याची गठडी बांधून माळ्यावर चढवण्याची कटकट. त्यामुळे 'आता कागद संपणार' असे कोणी म्हणाले की व्यापाऱ्याचे कान टवकारतात.

काही महिन्यांपूर्वी भायखळ्यात आमच्या दुकानी एक तरुण विक्रेता आला. पत्त्याच्या पानाएवढी एक पट्टी त्याने गल्ल्यावर ठेवली. तिच्यावर शर्टिंगचा मीटरचा भाव काळ्या अक्षरांत लिहिलेला होता. त्याने मोबाईलवर बोट फिरवले आणि पट्टीवरचा भाव बदलला. मग त्याने पट्टीच्या पाठीचा सेल काढून आमच्या हातात दिला. अक्षरे जागची हलली नाहीत. आम्ही दिवा बंद केला, तर पट्टी दिसेनाशी झाली. दारात उन्हात नेली, तर अक्षर आणखी ठळक दिसू लागले. मोबाईलच्या पडद्याचे असते त्याच्या हे बरोबर उलट. म्हणजे वागणे सगळे कागदाचे, फक्त लिहिलेले पुसून पुन्हा लिहिता येते.

आमच्या मुलाने लगेच विचारले, "अब्बा, मग बिलबुके आणि वह्याही बंद करू या का?" हा प्रश्न आज अनेक दुकानांत बापलेकांमध्ये चालला असेल. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेतले पाहिजे, आणि मग आपण कागदाकडून कोणकोणती कामे घेतो हेही तपासले पाहिजे.

हा कागद चालतो कसा?

या वस्तूला इलेक्ट्रॉनिक कागद किंवा ई-पेपर म्हणतात. वर्तमानपत्राची जी आवृत्ती मोबाईलवर येते तिलाही लोक ई-पेपर म्हणतात. ती गोष्ट वेगळी. कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निकोलस शेरिडन यांनी अर्धी काळी आणि अर्धी पांढरी अशा बारीक गोळ्यांचा पातळ पत्रा तयार केला. विजेच्या दाबाने गोळी फिरे आणि तिची काळी किंवा पांढरी बाजू वर येई. पुढे एमआयटी या संस्थेत प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि बॅरेट कॉमिस्की व जे. डी. आल्बर्ट हे त्यांचे विद्यार्थी यांनी वेगळी रीत काढली, आणि १९९७ साली 'ई इंक' ही कंपनी स्थापन झाली. २००९ साली तैवानच्या एका कंपनीने ती विकत घेतली. आज बाजारात दिसणारा बहुतेक इलेक्ट्रॉनिक कागद याच घराण्याचा आहे.

या रीतीत केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या एका पातळ थरात पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ तेलासारखा द्रव आणि त्यात काळ्या व पांढऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. पांढऱ्या कणांवर एका जातीचा विद्युतभार आणि काळ्यांवर त्याच्या उलट जातीचा. थराखाली तारांचे बारीक जाळे असते. त्यातून योग्य ठिकाणी विजेचा दाब दिला की तिथले काळे कण वर येतात आणि पांढरे तळाशी जातात. हजारो ठिकाणी असे झाले की अक्षर उमटते. वीज काढून घेतली तरी कण होते तिथेच राहतात. म्हणून वीज फक्त मजकूर बदलताना लागते, दाखवताना लागत नाही.

पांढरा कण म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. हे नाव परके वाटले तरी पदार्थ आपल्या धंद्यातलाच आहे. पॉलिस्टर सुताची चमक मारून ते 'डल' किंवा 'सेमी-डल' करण्यासाठी हाच पदार्थ घालतात, आणि गडद कापडावर खाडी छपाईत जो पांढरा रंग बसतो तोही याचाच. छपाईवाला तो कापडावर कायमचा बसवतो, इथे तो कुपीत मोकळा ठेवला आहे. छापील कागद आणि हा कागद यांतला फरक इतकाच आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे ते सारे या फरकातून निघते.

वाचनाची यंत्रे या कागदावर आधी आली. सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये एक यंत्र काढले, अमेरिकेत नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल आले, आणि २०१६ साली त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली. डोळ्यांवर झोत येत नाही आणि एकदा चार्ज केले की अनेक दिवस चालते, म्हणून वाचणाऱ्यांना ते आवडले. आता त्यावर लेखणीने लिहिता येईल अशी यंत्रेही निघाली आहेत.

दुकानात उपयोग कोठे?

व्यापारात या कागदाचा सर्वांत मोठा उपयोग भावाच्या पट्ट्यांसाठी होत आहे. मोठ्या दुकानात हजारो वस्तू असतात. भाव बदलला की माणसाने जुनी चिठ्ठी काढून नवी लावायची, त्यात चुका व्हायच्या. आता मुख्य संगणकावर भाव बदलला की बिनतारी संदेशाने सगळ्या पट्ट्या बदलतात. युरोपात हे बरीच वर्षे चालू आहे. अमेरिकेच्या वॉलमार्टने २०२४ साली जाहीर केले की २०२६ पर्यंत आपल्या २,३०० दुकानांत अशा पट्ट्या लावू.

आपल्याकडे ज्यांचे रेडिमेडचे किंवा किराण्याचे मोठे, ठरल्या भावाचे दुकान आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा. पण काही गोष्टी तपासून.

पहिली, आपला भाव खरोखर किती वेळा बदलतो? ज्या दुकानात भाव वर्षातून दोनदा बदलतो तिथे पाच रुपयांच्या छापील चिठ्ठीचे काम महागड्या पट्टीने करण्यात शहाणपण नाही. घाऊक गल्लीत तर भाव लिहिलेलाच नसतो. ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव गुप्त अक्षरांत असतो आणि विक्रीचा भाव गिऱ्हाईक, नगद-उधार आणि मालाची उठाठेव पाहून ठरतो. तिथे पट्टीचे काय काम?

दुसरी, कायदा. पॅकबंद मालावर कमाल किरकोळ किंमत आणि इतर तपशील मालावरच छापलेले असले पाहिजेत, असे २०११ चे वजनमापविषयक पॅकेजिंग नियम सांगतात. फडताळावरची इलेक्ट्रॉनिक पट्टी त्याची जागा घेत नाही.

तिसरी, इमान. फडताळावर जो भाव पाहून गिऱ्हाइकाने माल उचलला तो गल्ल्यावर येईपर्यंत बदलू शकतो, ही या पट्टीची ताकद आहे आणि धोकाही. दिवसा गिऱ्हाइकांसमोर भाव वाढवायचा नाही, वाढवायचा तर दुकान बंद झाल्यावर, हा नियम मालकाने स्वतःवर घालून घ्यावा. भावात फसवणूक ही यंत्राने केली तरी मालकाचीच असते.

चौथी, टिकाऊपणा. यातील पुष्कळ पट्ट्यांची पाठ काचेची असते. पडली तर तडा जातो, आणि मेलेली पट्टी रद्दीत जात नाही, तो ई-कचरा होतो. पाव किलो रद्दीचेही चार पैसे येतात, तसे तिचे येणार नाहीत.

रंगाच्या बाबतीत आम्ही ठामपणे सांगू. रंगीत इलेक्ट्रॉनिक कागदही निघाला आहे आणि जाहिरातीच्या पाटीला तो चांगला आहे. पण आपल्या शेडकार्डाची जागा तो घेऊ शकत नाही. मोरपंखी आणि रामा यांतला फरक दाखवायला कापडाचा तुकडाच लागतो. गिऱ्हाईक रंग डोळ्याने पाहते तसे पोत बोटांनी पाहते.

कागदाची तीन कामे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण कागदाकडून तीन वेगळी कामे घेतो आणि तिन्हींना एकच नाव देतो. म्हणून घोटाळा होतो.

एक काम दाखवण्याचे. भाव, पाटी, यादी, नियम. हे काम इलेक्ट्रॉनिक कागद छापील कागदापेक्षा चांगले करू शकतो, कारण दाखवायची गोष्ट बदलत असते.

दुसरे काम पोहोचवण्याचे. मालाबरोबर जाणारे बिल, ट्रकबरोबर जाणारी चिठ्ठी. हे काम कागदाकडून बरेचसे गेलेच आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरील मालाला ई-वे बिल लागू झाले, आणि त्याचा नंबर मोबाईलवर दाखवला तरी चालतो. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना इतर व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलासाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. ते बिल सरकारी पोर्टलवर नोंदवले जाते आणि त्याला क्यूआर चौकोन मिळतो. इथे इलेक्ट्रॉनिक कागदाची गरज नाही, मोबाईल पुरतो.

तिसरे काम साक्ष देण्याचे. कोणी कोणाला काय देणे आहे, केव्हा देणे आहे, ते कोणी कबूल केले. हे काम मात्र दाखवण्यासारखे नाही. दाखवायची गोष्ट बदलावी लागते, साक्ष बदलता कामा नये. जो पृष्ठभाग पुसून पुन्हा लिहिता येतो तो पहिल्या कामाला जितका चांगला तितका तिसऱ्या कामाला वाईट.

आमची चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत जो पाऊस झाला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, त्यात आमच्या तळमजल्यावरील गोदामात पाणी भरले. ठाणांबरोबर तीन वर्षांच्या वह्याही भिजल्या. पानाला पान चिकटले, शाई वाहून गेली. तेव्हापासून आमचा कागदावर फारसा भरवसा उरला नाही. म्हणून पुढे मोबाईलवर उधारी लिहिण्याची सोय आली तेव्हा आम्ही ती आनंदाने घेतली. जागा लागत नाही, भिजत नाही, बेरीज आपोआप.

काही वर्षे सुरळीत गेली. मग एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाकीवरून वाद निघाला. आमच्या मोबाईलवर ६८ हजार, त्याच्या आठवणीत ४१ हजार. तो म्हणाला, "शेठ, हे तुम्ही लिहिले, तुमच्या यंत्रात लिहिले. मी कधी पाहिले?" त्याचे म्हणणे खरे होते. मधल्या काळात आम्ही मोबाईल बदलला होता, जुन्या नोंदींपैकी काही दुसऱ्यांदा चढवल्या गेल्या असतील ही शंका आम्हाला स्वतःलाही होती. वीस वर्षांचा संबंध तोडण्यापेक्षा आम्ही ५० हजारांवर तडजोड केली. पैसे गेले की घेतले हे आम्हाला आजही सांगता येत नाही. जास्त घेतले असतील तर तो हक्क दुसऱ्याचा आहे, आणि हीच गोष्ट मनाला अधिक लागते.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळले की दोष मोबाईलचा नव्हता. जुनी वही असती तरी ती आमचीच वही होती. फरक एवढाच की जुन्या काळी आमचे वालिद महिन्याकाठी गिऱ्हाइकापुढे खाते उघडत, त्याला बाकी वाचून दाखवत आणि पानाखाली त्याची सही घेत. कागद गेला तेव्हा त्याबरोबर ही सही घेण्याची पद्धतही गेली, आणि ती गेल्याचे आमच्या ध्यानातही आले नाही.

शरीअत आणि कायदा काय सांगतात?

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीच्या व्यवहाराची रीत सविस्तर सांगितली आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत आहे. ठराविक मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीच्या व्यवहाराला न लिहिण्याची मुभा दिली आहे. पण एका मुद्द्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मजकूर कोणी सांगायचा? ज्याला पैसे येणे आहेत त्याने नव्हे, ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे नोंदीचा जीव कबुलीत आहे. लिहिण्यासाठी कातडे, कागद की काच, हा प्रश्न नंतरचा.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या पुराव्यात येतात, आणि यात इलेक्ट्रॉनिक वह्याही आल्या. पण केवळ त्या नोंदीवरून कोणावर देण्याची जबाबदारी टाकता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. म्हणजे माझी वही कागदाची असो की इलेक्ट्रॉनिक, एकटी ती अपुरीच आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर कलम ६३ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग नोंद देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

काही कागद तर अजून कागदच राहिले पाहिजेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला मान्यता दिली, पण मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त त्यातून वगळले आहेत. २०२२ साली यादीत दुरुस्ती झाली. बँकेसारख्या नियंत्रित संस्थेच्या नावे दिलेल्या काही प्रॉमिसरी नोटा इलेक्ट्रॉनिक करता येतात, पण दोन व्यापाऱ्यांमधली साधी प्रॉमिसरी नोट अजून कागदावरच हवी. आपल्यातील अनेकजण वसीयत मोबाईलवर बोलून ठेवतात किंवा संगणकात लिहून ठेवतात. त्यांनी ती कागदावर उतरवून सही-साक्षीने पुरी करावी.

छापखान्याच्या कारागिरांचे काय?

या बदलात ज्यांच्या हातचे काम जाते त्यांचाही विचार केला पाहिजे. भायखळ्याचा आणि छपाईचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी पुस्तकांवर 'एज्युकेशन सोसायटी प्रेस, भायखळा' असे छापलेले आढळते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमची पाठ्यपुस्तके कातिबांच्या हातची होती. कातिब लेप दिलेल्या कागदावर बोरूने लिहीत आणि ते अक्षर छपाईसाठी उतरवले जाई. १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक' अक्षरांनी संगणकावर अंक काढला, आणि १९९४ साली आलेल्या 'इनपेज'ने ते काम छोट्या दुकानांतही आणले. काही वर्षांतच कातिबांचा पेशा बसला. ज्यांनी संगणक शिकला किंवा पाट्या व तुघरे लिहिण्याकडे वळले ते टिकले. ज्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही त्यांचे हाल झाले.

बिलबुक छापणारे, नंबरिंग करणारे, वह्या बांधणारे आज त्याच वळणावर उभे आहेत. त्यांना आमची विनंती आहे की बिलबुकावर विसंबून राहू नका. कपड्याचा टॅग, बॉक्स, पिशवी, बारकोडची चिठ्ठी, धुण्याच्या सूचनेची पट्टी ही कामे मालाबरोबर जातात, आणि मालाबरोबर जाणारा छापील तुकडा इतक्यात जाणार नाही. व्यापारी बांधवांनीही ही कामे बाहेर देण्यापूर्वी आपल्या गल्लीतील प्रेसवाल्याला एकदा विचारावे.

व्यापाऱ्याने काय करावे?

थोडक्यात सांगायचे तर, दाखवायच्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक कागद परवडत असेल तर खुशाल घ्यावा. पोहोचवायच्या कामासाठी जीएसटीने सांगितलेली रीत पाळावी आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्यात, एका नव्हे तर दोन ठिकाणी, म्हणजे एक भिजली किंवा बिघडली तरी दुसरी राहते.

साक्षीच्या कामासाठी मात्र हिशेब कशावरही लिहा, दर तीन महिन्यांनी प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकाला बाकीचा कागद पाठवा आणि त्याची तारखेसह सही घ्या. उधारीच्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी कबूल केली तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. एका पानाच्या कागदाचा इतका फायदा दुसऱ्या कोणत्या मालात नाही. आणि हा कागद फक्त आपल्या संरक्षणासाठी नाही. आपल्या हातून चुकून जास्तीचे लिहिले गेले असेल तर ते पकडण्याची संधी तो समोरच्याला देतो.

आम्ही मुलाला हेच उत्तर दिले. बिलबुके संगणकावर गेलीच आहेत. पट्ट्या सध्या नकोत, आपला भाव अजून तोंडी ठरतो. पण एक जाड वही आम्ही पुन्हा सुरू केली आहे. तिच्यात हिशेब नाही, फक्त गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, बाकी आणि त्याची सही. पहिल्या पानावर ज्याच्याशी वाद झाला होता त्याच गिऱ्हाइकाची सही आहे. तो आजही आमच्याकडूनच माल नेतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात सचोटी आणि बरकत देवो.